छातीवरच्या जागेचा हिशेब

पिस्तुलाची गोळी अडवायला अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे मऊ थर पुरतात; रायफलीची गोळी त्यांना जुमानत नाही. गोळीरोधक चिलखतासाठीच्या अमेरिकेच्या ०१०१.०६ या मानकातील तिसऱ्या पातळीच्या चाचणीत ९.६ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ८४७ मीटर वेगाने येते, म्हणजे तिच्यात जवळजवळ ३,४०० जूल ऊर्जा असते. बोरॉन कार्बाईड किंवा सिलिकॉन कार्बाईडसारखे कठीण सिरॅमिक अशा गोळीचे टोक चुरडते आणि त्यामागचे पॉलिएथिलिनचे किंवा अरामिडचे थर ते तुकडे झेलतात. अशी एक प्लेट छातीवर आणि एक पाठीवर धरून ठेवणारे, जाड नायलॉनचे बिनबाह्यांचे जाकीट म्हणजे प्लेट कॅरिअर. अमेरिकी लष्कराची मध्यम आकाराची प्लेट साधारण २४ सेंटिमीटर रुंद व ३२ सेंटिमीटर उंच असून तिचे वजन अडीच किलोच्या घरात जाते. पहिले पाऊच, म्हणजे मॅगझीन किंवा प्रथमोपचाराचे साहित्य ठेवायची छोटी पिशवी, लावण्याआधीच अंगावर पाच किलो चढलेले असतात, हे सामान मांडताना सहसा विसरले जाते.

दोन्ही प्लेट मिळून प्रौढ माणसाच्या त्वचेच्या क्षेत्रफळाचा जेमतेम आठ टक्के भाग झाकतात. त्यामुळे हा आठ टक्के भाग कोणता, हाच खरा प्रश्न आहे आणि पाऊचच्या रंगावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी नेमका तोच बाजूला ठेवतात. पुढच्या प्लेटची वरची कड दोन्ही गळपट्टीच्या हाडांमधल्या, बोटाने सहज चाचपता येणाऱ्या खळगीशी यावी. पाठीमागे मान वाकवली असता जो मणका ठळकपणे हाताला लागतो, त्याच्या किंचित खाली मागची कड असावी. नवखा माणूस प्लेट हमखास खाली, पोटावर ओढतो, कारण तेथे ती गळ्याला टोचत नाही. पोटातली जखमही जीवघेणी असतेच. परंतु हृदय किंवा त्यातून निघणारी महाधमनी फाटली, तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला वेळच उरत नाही. खांद्याच्या पट्ट्यांनी ही उंची पक्की झाल्यावर मगच बाजूचे पट्टे आवळावेत, आणि तेही छातीत पूर्ण श्वास भरून घेऊन. श्वास सोडलेल्या अवस्थेत आवळलेला पट्टा उभ्या उभ्या ठीक वाटतो, पण धावताना बरगड्यांना फुलायला वाव देत नाही. उलट, बाजूचे पट्टे अगदी सैल ठेवले, तर सारा भार खांद्यांवर येतो. हाताकडे जाणाऱ्या नसा तेथे दाबल्या गेल्या की बोटांना मुंग्या येऊ लागतात.

पाऊच अडकवण्याची आज सर्वत्र दिसणारी पद्धत अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील केंद्रात १९९०च्या दशकात घडली. कॅरिअरवर २५ मिलिमीटर रुंदीच्या नायलॉनच्या आडव्या पट्ट्या तेवढेच अंतर सोडून शिवलेल्या असतात आणि दर ३८ मिलिमीटरवर त्यांना टाका असतो. पाऊचच्या पाठीवरही तशाच पट्ट्या असतात. पाऊचची उभी पट्टी एकदा कॅरिअरच्या पट्टीखालून, मग पाऊचच्या पट्टीखालून, पुन्हा कॅरिअरच्या, अशी आलटून पालटून ओवायची असते, खाटेची नवार विणावी तशी. घाईत ती सरळ कॅरिअरच्याच पट्ट्यांमधून खाली ओढून बटण लावले, तरी पाऊच बसल्यासारखे दिसते. मात्र त्याचा सगळा भार वरच्या शिवणीवर येतो आणि धावताना ते पोटावर आपटत राहते. नीट ओवलेल्या पाऊचचा भार अनेक टाक्यांवर वाटला जातो आणि ते कापडाला चिकटून राहते.

आता आघूर्णाचा, म्हणजे वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराचा विचार करू. ५.५६ मिलिमीटरच्या तीस काडतुसांचे भरलेले मॅगझीन साधारण अर्ध्या किलोचे असते. अशी तीन मॅगझिने पाठीच्या कण्यापासून २० सेंटिमीटर पुढे लटकत असतील, तर ती शरीराला सुमारे तीन न्यूटन-मीटर इतक्या आघूर्णाने पुढे वाकवतात. त्यांच्यावरच आणखी तिघांचा दुसरा थर लावला, तर तो थर चार सेंटिमीटर आणखी पुढे असल्याने एकूण आघूर्ण दुपटीहून अधिक, साडेसहाच्या आसपास जाते आणि ते पेलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सतत ताणलेले राहावे लागते. शिवाय पालथे पडल्यावर छाती तेवढीच जमिनीपासून उचललेली राहते. पाठीवरच्या तीन लिटर पाण्याने तोल साधेल, असे काही जण म्हणतात. पण पाणी पिऊन संपते, तेव्हा त्या भरवशावर पुढची मांडणी करणे शहाणपणाचे नाही. जास्तीची मॅगझिने कमरेच्या पट्ट्यावर न्यावीत हे बरे, कारण तेथे ती शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ येतात आणि त्यांचे वजन खांद्यांऐवजी नितंबाच्या हाडांवर टेकते.

परदेशी छायाचित्रे पाहून केलेली नक्कल येथेच फसते. भारतीय लष्कराने घेतलेली सिग ७१६ रायफल ७.६२ मिलिमीटरची आहे. तिचे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, तर ५.५६चे साधारण १२ ग्रॅमचे असते. पाऊच तितकेच आणि त्याच जागी असले, तरी काडतुसामागे वजन दुप्पट होते.

हात किती लवकर पोचतो, याचाही नियम आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्यावर हात टेकवायला जास्त वेळ लागतो. म्हणून पहिले मॅगझीन रायफल न धरणाऱ्या हाताच्या बाजूला, कोपर न उचलता पोचेल असे ठेवावे. डावखुऱ्याची मांडणी अर्थातच उलटी होईल. टूर्निकेचे, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळायच्या पट्ट्याचे, मात्र वेगळे आहे. मांडीची मोठी धमनी तुटली, तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो आणि जखमी झालेला हात नेमका कोणता असेल हे आधी ठरवता येत नाही. म्हणून ते दोन्ही हातांना मिळेल असे, शक्यतो मध्यभागी असावे. प्रथमोपचाराचे पाऊच तुकडीतील सर्वांनी एकाच जागी लावावे, कारण जखमीवर त्याच्याच पाऊचमधले साहित्य वापरायचे असते आणि ते शोधणारा हात दुसऱ्याचा असतो. वॉकीटॉकीचा अँटेना अंगाला चिकटून राहिला, तर शरीर रेडिओलहरी शोषते. तो खांद्याजवळ, शक्य तितका मोकळा ठेवावा.

उष्ण प्रदेशात आणखी एक किंमत मोजावी लागते. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेपासून सुमारे २.४ किलोजूल उष्णता नेतो. कॅरिअरखाली घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. बाजूंना पाऊच भरले की हवेची उरलीसुरली वाटही बंद होते, त्यामुळे बगलेखालचा भाग मोकळा सोडण्याचा मोह जरूर धरावा. डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटी यांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'अभेद' जाकिटांची किमान वजने संरक्षणाच्या पातळीनुसार ८.२ आणि ९.३ किलो सांगितली गेली. प्रयोगशाळेत इतक्या कष्टाने वाचवलेले वजन फालतू पाऊच लावून परत चढवू नये.

मांडणी झाल्यावर पूर्ण सामानासह धावून, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून पाहावे. प्रत्येक वस्तू न बघता काढून परत ठेवता येते का, टूर्निके डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांनी निघते का, हे तपासावे. सरावात एकदाही हात न लागलेले पाऊच काढून टाकावे; प्रथमोपचाराचे तेवढे राहू द्यावे.