फील्ड अँब्युलन्स : छावणीतील प्रशिक्षणकाळ

फील्ड अँब्युलन्स म्हणजे लढणाऱ्या ब्रिगेडच्या पाठोपाठ राहून जखमींना उचलणारे, त्यांच्यावर तातडीचे उपचार करणारे आणि मागच्या रुग्णालयांकडे रवाना करणारे लष्करी वैद्यकीय पथक. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या एका डिव्हिजनमध्ये साधारणपणे अशी तीन पथके असत. आघाडीवर जाण्याआधीचे काही महिने पथक देशातल्याच छावणीत सराव करी. या काळाला निव्वळ पूर्वतयारी समजणे बरोबर नाही. पायदळाच्या सरावात शत्रू मानलेला असतो. रुग्णपथकाकडे मात्र तंबू ठोकल्या दिवसापासून तापाने फणफणलेली, हगवणीने गळालेली, पायाला फोड आलेली माणसे येतात. शिकणे आणि खरे काम दोन्ही एकाच वेळी चालू असते.

नागपूरच्या ईशान्येस सुमारे १६ किमी. अंतरावर कन्हान नदीकाठी कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. महार रेजिमेंटची दुसरी पलटण महायुद्धाच्या काळात इथेच उभी राहिली. अशा छावणीत वैद्यकीय पथकाच्या दिवसाचा आराखडा ऊनच ठरवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे मैदानावरची कामे पहाटे आणि संध्याकाळी, मधली दुपार सावलीत.

बिगूल, पी.टी. आणि हजेरी झाली की सिक परेड. आजारी जवान रांगेने डॉक्टरसमोर येतात. कुणाला औषध देऊन कामावर पाठवतात, कुणाला विश्रांती, कुणाला दाखल करून घेतात. खरा आजारी कोण आणि परेड चुकवायला आलेला कोण, हे ओळखायला तरुण डॉक्टर इथेच शिकतो. त्यानंतर स्ट्रेचर ड्रिल. एका स्ट्रेचरला चौघे, शक्यतो सारख्या उंचीचे. सगळ्यांनी एकच पाय एकदम टाकला तर स्ट्रेचर हिंदकळते आणि मोडलेले हाड कळवळते. म्हणून पुढचा डाव्या पायाने निघतो, मागचा उजव्या. कवायतीच्या मैदानावर घोटलेली सवय इथे मुद्दाम मोडावी लागते. सपाट जमिनीवर जखमीचे पाय पुढे, चढावर डोके पुढे. पहिल्या पावसानंतर काळी माती बुटांना लगदा होऊन चिकटू लागली की चौघे पुरत नाहीत. सहा-आठ जणांना आळीपाळीने खांदा द्यावा लागतो.

दुपारी बराकीत खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून, त्यांवर पाणी मारून वर्ग भरतात. शिकवणी हिंदुस्तानीतून, बरीचशी पुस्तके रोमन लिपीत छापलेली. वऱ्हाड-नागपूरकडच्या जवानाला शरीराच्या भागांची नावेही नव्याने पाठ करावी लागत. पण या वर्गांचे खरे सार हातांत उतरते. थॉमस स्प्लिंट, म्हणजे मोडलेला पाय ताणून धरणारी लोखंडी चौकट, हे त्याचे उत्तम उदाहरण. मांडीचे हाड मोडलेल्या जखमीचा बूट काढायचा नाही. लोखंडी कडे पायातून वर जांघेपर्यंत सरकवायचे, घोट्याशी बुटावर फास घालून पाय सरळ ताणायचा, दोरी स्प्लिंटच्या टोकाला बांधून काटकीने पिळायची. प्रत्येक पायरीला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाला नेमलेला माणूस. पहिल्या महायुद्धापासून हे काम डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवण्याची चाल होती, कारण आघाडीवर रात्री दिवा लावणे म्हणजे गोळीला बोलावणे. त्या युद्धात या एका साधनामुळे मांडी मोडलेल्यांचे मृत्यू झपाट्याने घटले. म्हणूनच या ड्रिलचा कंटाळा आलेल्या जवानावर उस्ताद ओरडतो, तेव्हा त्याचे चुकत नाही.

लिहिण्याची शिस्तही याच काळात लागते. जखमीच्या कपड्याला कार्ड बांधायचे. मॉर्फीन दिले तर कपाळावर ‘एम’ आणि वेळ लिहायची. मागच्या ठाण्यावरच्या डॉक्टरला विचारायला कुणी नसते. ते अक्षर राहून गेले तर तो दुसरा डोस देईल आणि वाचलेला माणूस औषधाने दगावेल.

उष्माघात हा नागपूरकडच्या उन्हाळ्याचा सर्वांत कडक धडा. जवान बरळू लागतो, अंग कोरडे आणि तव्यासारखे तापलेले, ताप ४१ अंशांच्या वर. कपडे उतरवायचे, अंगावर सतत पाणी शिंपडायचे आणि दोघांनी जोराने वारा घालायचा. ताप ३९ च्या आसपास उतरला की थांबायचे, नाहीतर अंग नको तितके गार पडते. थर्मामीटर धरून बसलेल्या नर्सिंग सिपायाला मिनिटाचीही ढिलाई परवडत नाही.

पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकायची, संडासाचे चर स्वयंपाकघरापासून किती दूर खणायचे, मच्छरदाणी केव्हा सोडायची ही कामे नव्या जवानाला हलकी वाटतात. ब्रह्मदेश आघाडीचा हिशेब पाहिला की त्यांचे मोल कळते : तिथले सेनापती जनरल स्लिम यांच्या सांगण्यानुसार १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत. पुढे हिवतापाला आळा घालणाऱ्या मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या परेडवर, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत गिळायला लावल्या जाऊ लागल्या. या गोळ्यांनी कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवाही होती. तिच्याशी झगडणे हेही वैद्यकीय पथकाचेच काम.

पथकातली माणसे आधी वेगवेगळ्या सेवांतली असत : अधिकारी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, सब-असिस्टंट सर्जन मेडिकल डिपार्टमेंटचे, शिपाई, आचारी, भिस्ती व सफाईवाले हॉस्पिटल कोअरचे. ३ एप्रिल १९४३ रोजी या सेवा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभारली गेली. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून पदविका घेतलेल्या लायसेन्शिएट डॉक्टरांना त्यामुळे अधिकारपदाची वाट मोकळी झाली. तेच रोगी पाहणाऱ्यांमध्ये पदाची इतकी दरी फार काळ राहिली, हा अन्यायच होता.

कूच करण्याचा हुकूम आला की औषधांच्या पेट्या यादीबरहुकूम भरतात, बाटल्या कापसात गुंडाळतात, लसी टोचून घेतल्याच्या नोंदी तपासतात. दाखल असलेले रोगी कागदपत्रांसह छावणीच्या कायम रुग्णालयाकडे सोपवले जातात. ते सगळे पोचल्याची सही मिळेपर्यंत पथकाचा शेवटचा तंबू उतरवत नाहीत.