शिट्टी किती लांबून ऐकू यावी? 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधल्या घोड्यांची पार्श्वभूमी

"अर्धा तास घालवून घोडा पकडला, नाव ठेवलं, गाजरं चारली, आणि नंतर त्याच्याकडे फिरकलोच नाही." 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा 'झेल्डा' मालिकेतला व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाशी घोड्यांचा विषय काढला की हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतंच. या तक्रारीचं मूळ मार्च २०१७ मध्ये आलेल्या त्या गेमच्या एका निर्णयात आहे. घोडा शिट्टीच्या टप्प्यात असेल तरच येतो. टप्प्याबाहेर असेल तर तुम्ही कितीही शिट्ट्या मारा, तो जिथे आहे तिथेच राहतो.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. या मालिकेत घोडा खऱ्या अर्थाने आला तो १९९८ च्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम'मध्ये, एपोनाच्या रूपाने. हे नाव प्राचीन गॉल प्रदेशात पुजल्या जाणाऱ्या अश्वदेवतेचं आहे. लहानपणी रँचवर तिचं गाणं शिकायचं, सात वर्षांनी मोठं होऊन परत यायचं, शर्यत जिंकायची, आणि समोरच्याने फाटक लावून घेतलं की कुंपणावरून उडी मारून तिला बाहेर काढायचं. पळवताना पडद्यावर गाजरं दिसत, टाच मारली की एक कमी होई. पण घोडी एकच होती. तिला रानात शोधायचं नव्हतं, ती दगावत नव्हती, आणि गाणं वाजवलं की मैदानात हजर होत होती. अंतराचा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही.

२००५ च्या 'शॅडो ऑफ द कलोसस' या दुसऱ्याच गेममधला ॲग्रो नावाचा घोडा वेगळा होता. लगाम आपल्या हातात असला तरी वळायचं कसं हे बरंचसं घोडा ठरवायचा. अरुंद वाटेवर त्याच्यावर सोडून दिलं तर तो नीट नेई, आपण ओढाताण केली तर अडखळे. माझ्या मते पुढे २०१७ मध्ये जे आलं त्याचं बी इथे आहे. मग २०११ मध्ये 'स्कायरिम'ने कडे चढणारे घोडे विकत दिले. २०१३ मध्ये 'माइनक्राफ्ट'मध्ये घोडे आले. तिथे मांड ठोकायची, पडायचं, पुन्हा बसायचं. प्रत्येक पडण्यानंतर घोड्याचा एक लपलेला आकडा पाचाने वाढतो आणि कधीतरी हृदयं उमटतात, म्हणजे घोडा वश झाला. २०१५ मध्ये 'द विचर ३'ने सगळ्यात सोपं उत्तर दिलं. कुठूनही शिट्टी मारा, रोच नावाची घोडी नजरेच्या थोडी मागे उभी राहते. कधीकधी ती घराच्या छपरावर उभी राहायची आणि त्याची चित्रं जगभर फिरली.

हे सगळं माहीत असलेल्या खेळाडूंच्या हातात २०१७ चा गेम पडला.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. सगळे सर्रास 'टेमिंग' म्हणतात, म्हणजे घोडा माणसाळवणं. पण गेममध्ये घोड्याच्या पाठीवर बसल्यावर पडद्यावर जो शब्द येतो तो टेमिंग नाही. इंग्रजी आवृत्तीत तो 'सूद' आहे, म्हणजे शांत करणं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, चुचकारणं. चुचकारलेला घोडा माणसाळलेला नसतो. गेमने या कामाच्या तीन वेगळ्या पायऱ्या केल्या आहेत: चुचकारणं, नोंदणी आणि गट्टी. टेमिंग म्हटलं की तिन्ही एकत्र कालवल्या जातात. मग पहिली पायरी झाल्यावर घोडा ऐकत नाही म्हणून माणूस वैतागतो, आणि घोडे बेकार आहेत असा निकाल देऊन मोकळा होतो.

पहिली पायरी जवळून पाहण्यासारखी आहे. ड्युएलिंग पीक्स या डोंगराजवळच्या घोड्यांच्या सराईबाहेर गवतात पाच-सहा घोडे चरत असतात. एकरंगी घोडा सहसा वेगाने आणि दमाने सरस, पण तापट. अबलख, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, सहसा गरीब स्वभावाचा आणि गुणांत जरा कमी. पहिल्यांदा पकडताना हे कोणालाच ठाऊक नसतं. दबकत मागून जायचं. कोपऱ्यात नकाशाशेजारी आपल्या आवाजाची एक रेघ हलत असते, ती जितकी सपाट तितकं बरं. घोडा मान वर करतो, कान टवकारतो. तेव्हा थांबायचं. तो पुन्हा गवतात तोंड घालतो. दोन पावलांवर आलं की बसण्याचं बटण दिसतं, आणि मग खरी मारामारी सुरू होते. तो उसळतो, मागचे पाय झाडतो, आपण डावीकडचं बटण दाबत चुचकारत राहतो आणि दमाचं हिरवं वर्तुळ झरझर रिकामं होत जातं. ते संपायच्या आत तो शांत झाला तर ठीक, नाहीतर आपण जमिनीवर आणि घोडे टेकडीपलीकडे. ताओबाब माळावरच्या अवाढव्य घोड्याला एक वर्तुळ पुरत नाही. त्याच्यासाठी दम वाढवूनच जावं लागतं, किंवा सोबत काढे न्यावे लागतात.

शांत झालेला घोडा अजून आपला नसतो. त्याच्यावरून उतरून लांब गेलो की तो गेलाच. सराईवर नेऊन वीस रुपी (तिथलं नाणं रुपीच, पण आपला रुपया नव्हे) भरायचे, नाव द्यायचं, तेव्हा नोंद होते. असे पाचच घोडे ठेवता येतात. या जागेला इंग्रजीत 'स्टेबल' म्हणतात आणि आपण तोच शब्द उचलला, पण मूळ जपानी नाव 'उमायादो', म्हणजे घोड्यांची सराई. ते जास्त बरोबर आहे. वरती भलामोठा घोड्याच्या तोंडाचा तंबू, आत माणसांना निजायला खाटा, बाहेर चुलीवर पातेलं, शेजारी कुत्रं. आणि या सगळ्या सराया एकमेकींशी जोडलेल्या आहेत. एका सराईत ठेवलेला घोडा दुसऱ्या कोणत्याही सराईत मिळतो. रानात सोडून आलेला नोंदणीचा घोडासुद्धा तिथून मागवता येतो. शिट्टीच्या वादात ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

तिसरी पायरी गट्टीची. नवा घोडा सरळ चालवला तर मध्येच वाट सोडतो. त्याला पुन्हा रस्त्यावर आणायचं, आणि तो ऐकला की लगेच मान थोपटायची. सफरचंद किंवा गाजर पुढे धरलं की खातो. गट्टी शंभरापर्यंत वाढते, मग लगाम-खोगीर आणि आयाळीची ठेवण बदलता येते. गट्टी झालेला घोडा पायवाटेवर मोकळा सोडला तर वळणं स्वतः घेतो, कड्याच्या टोकाला पाय रोवून उभा राहतो. तेवढ्या वेळात आपण आजूबाजूला बघू शकतो, धनुष्य ताणू शकतो. ज्यांना हा टप्पा लाभला ते घोड्याबद्दल वेगळ्या सुरात बोलतात.

आता शिट्टी. घोडं पेंड खातं ते इथेच.

टीकाकारांचं म्हणणं साधं आहे. या गेममध्ये कोणताही कडा चढता येतो, कोणत्याही शिखरावरून पंख पसरून खाली उतरता येतं, आणि १२० मंदिरांपैकी सापडलेल्या कोणत्याही मंदिरात क्षणात जाता येतं. प्रत्येक वेळी घोडा मागे राहतो. ड्युएलिंग पीक्स चढून पलीकडच्या दरीत उतरलात की नकाशावर घोड्याचं छोटं चिन्ह डोंगराच्या मागे तसंच दिसत असतं. शिट्टी मारली तरी काही होत नाही. मग पायी निघायचं किंवा सराई गाठायची. इतका मोठा मुलूख असताना घोडा नेमका हवा तेव्हा नसेल तर तो काय कामाचा, हा प्रश्न रास्त आहे, आणि 'द विचर ३' नुकताच खेळून आलेल्यांना तो जास्तच टोचला.

दुसरी बाजू कमी बोलली जाते, म्हणून ती सविस्तर मांडतो. जो घोडा कुठेही येतो तो कुठेच नसतो. हाक मारली की उगवणारा घोडा रानातून पकडलेला असो वा विकत घेतलेला, व्यवहारात ते धावण्याचं बटण होतं. अंतर आलं की घोड्याला जागा मिळते. डोंगर चढायच्या आधी मनात प्रश्न येतो: परत इथेच उतरायचं की पलीकडे? पलीकडे उतरायचं तर घोडा आत्ताच वळसा घालून का नेऊ नये? मी पहिल्यांदा गेम खेळलो तेव्हा ताबांथा या भागाकडे जाताना असाच वळसा घेतला. त्या वाटेवर मला एक पूल, एक फिरता विक्रेता आणि पावसात विझलेली शेकोटी भेटली. शिखरावरून उडी मारली असती तर यातलं काही दिसलं नसतं. घोड्यामुळे माणूस रस्त्यावर राहतो, आणि या गेमचे रस्ते फार प्रेमाने आखलेले आहेत.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा भेद होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. स्वतःचा घोडा असलेला माणूस त्याला जपतो, कारण त्याच्या जागी दुसरा आपोआप येत नाही. 'विचर'मधली रोच कितीही लाडकी असली तरी ती सरकारी पागेतली आहे. २०१७ चा गेम खेळाडूला शिलेदार करू पाहत होता, आणि शिट्टीची मर्यादा ही त्याची अट होती.

ही अट गेमने स्वतःच मोडली. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या विकतच्या वाढीव भागात प्राचीन खोगीर मिळू लागलं. ते चढवलं की घोडा जगाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी शिट्टीसरशी प्रकट होतो. नऊ महिन्यांनी, बहुतेकांचा गेम खेळून झाल्यावर. वरातीमागून घोडं ते हेच. शिवाय त्याच भागाच्या शेवटी चक्क मोटारसायकल मिळते, तीही कुठेही बोलावता येणारी. तिच्या टाकीत इंधन म्हणून झोळीतलं जवळपास काहीही टाकता येतं, सफरचंदसुद्धा. घोड्यापुढे धरायला जपून ठेवलेलं सफरचंद टाकीत टाकताना मला वाईट वाटलं होतं, ते अजून आठवतं. घोड्याशी संबंधित गोष्टींचे पैसे घेण्यावरून वाद आधीही पेटला होता. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममधलं घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक भयंकर चिडले होते. ते चिलखत निदान मुख्यतः शोभेचं होतं. खोगिराने मात्र गेमचा एक नियमच विकला, आणि माझ्या दृष्टीने ते जास्त गंभीर आहे. ज्यांना ते खोगीर आवडलं त्यांना मी चूक म्हणणार नाही. त्यांचा वेळ वाचला हे खरंच आहे.

घोडा मरण्याबद्दलही असाच विचार झाला, पण तिथे वाद कमी झाला. रक्षकयंत्राचा झोत लागला किंवा उंचावरून पडला तर घोडा मरतो. फॅरनच्या बाजूला एका तळ्याकाठी अश्वदेवता आहे. एकदाच हजार रुपी घेऊन ती जागी होते आणि मग मेलेले घोडे परत देते. त्यामुळे मरणाला किंमत राहते आणि कायमची चुटपुटही लागत नाही. याच्या उलट टोकाला ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' गेला. त्याच्या २०१० च्या आधीच्या भागात मालकीचा कागद असला की मेलेल्या घोड्याच्या जागी त्याच जातीचा दुसरा येई. २०१८ मध्ये घोडा एकदा गेला की गेला, वेळेवर औषध पाजलं तरच वाचतो. तिथे खरारा करायचा, चिखल काढायचा, चारा द्यायचा. आयझाबेला तळ्याकाठी बर्फात बर्फासारखाच पांढरा अरबी घोडा फिरतो. फास टाकून आणि तोल सांभाळून त्याला आणलेला माणूस पुढे गोळीबारात आधी घोड्याला आडोशाला नेतो. शिट्टीला तिथेही अंतराची मर्यादा आहे, पण तिच्यावरून तेवढा आरडाओरडा झाला नाही. कारण उघड आहे. तिथे डोंगर चढता येत नाहीत आणि उडताही येत नाही, म्हणून घोडा सहसा मागे राहतच नाही. म्हणजे २०१७ ची खरी अडचण शिट्टीत नव्हती. चढणं आणि उडणं इतकं सुंदर झालं होतं की घोड्याच्या वाट्याला जमीन कमी उरली.

मे २०२३ मध्ये 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला तेव्हा जमीन आणखी कमी झाली. वर आकाशात बेटं, खाली अंधारं पाताळ, आणि हातात चाकं-पंखे जोडून हवी ती गाडी बनवण्याची शक्ती. घोड्याला त्या गर्दीत जागा द्यायला गाडी ओढण्याचा पट्टा आला, ओढण्याची ताकद हा नवा गुण आला, सराईत जाण्याबद्दल पॉइंट मिळू लागले, आणि अश्वदेवता आता शिजवलेलं अन्न घेऊन घोड्याचे गुण वाढवू लागली. बऱ्याच जणांनी यातलं काहीच वापरलं नाही, कारण पंखे लावलेली गाडी जास्त भराभर जाते.

पण एक गोष्ट जवळपास प्रत्येकाने पाहिली. यंत्रात जुन्या गेमची जतन केलेली नोंद असेल, तर नव्या गेममधल्या पहिल्याच सराईवरचा माणूस वही चाळतो आणि सांगतो की तुमचं नाव आमच्याकडे आधीच आहे. मग यादी उघडते. माझ्या यादीत वरती 'चांदणी' होती, ड्युएलिंग पीक्सच्या गवतातली, ठिपक्यांची, गुणांनी साधारण. गट्टी पूर्ण भरलेली होती.