थंड प्लग, अरुंद गॅप

आपल्याकडे ट्रक म्हटलं की डिझेल इंजिन, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. दाबून तापवलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. अमेरिकेत मात्र घरच्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा पेट्रोलवर चालतात. फोर्डची १९९९ ते २००४ या काळातली एफ-१५० एसव्हीटी लायटनिंग ही त्यांतली नामांकित गाडी. (२०२२ साली याच नावाची विजेवरची गाडी आली. तिला प्लगचं काही कामच नाही.) जुन्या लायटनिंगमध्ये ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याच्या डोक्यावर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हा पंप एका फेऱ्यात ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर हवा पुढे ढकलतो. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ८ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) जास्त दाबाने ती सिलिंडरकडे जाते. या इंजिनातून आधी ३६० आणि २००१पासून ३८० हॉर्सपॉवर मिळायची.

या गाडीचे शौकीन प्लग बदलताना हमखास दोन गोष्टी करतात. एक पायरी ‘थंड’ प्लग घेतात आणि गॅप, म्हणजे ठिणगीच्या दोन टोकांमधली फट, ३५ थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे ०.९ मिमीच्या आसपास ठेवतात. हे सल्ले कायम जोडीने मिळतात, त्यामुळे दोन्ही एकाच दुखण्यावरचा इलाज वाटतात. प्रत्यक्षात गॅपचा प्रश्न विजेचा आहे आणि थंडपणाचा उष्णतेचा.

आधी वीज. फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं, की वायूमधून ठिणगी उडायला लागणारा व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. आपल्या भोवतालच्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला ३,००० व्होल्टच्या आसपास लागतात. सिलिंडरमधल्या हवा-पेट्रोलच्या दाबलेल्या मिश्रणात त्याच्या कितीतरी पट. प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलची ताकद तर ठरलेली. तिला गॅप झेपला नाही तर वीज दुसरी वाट शोधते: प्लगवरच्या रबरी टोपणातली (बूट) चीर, नाहीतर प्लगच्या चिनीमातीचा बाहेरचा पृष्ठभाग. मग इंजिन आयडलला (पेडल न दाबता) गुळगुळीत चालतं, पण पेडल पूर्ण दाबलं की ठेचकाळतं, कारण दाब तेव्हाच वाढलेला असतो. अशा वेळी पेट्रोल पंपाला, फिल्टरला, सगळ्यांना दोष देऊन होतो. प्लग मात्र शेवटी आठवतो.

हाच गुणाकार वापरून ढोबळ हिशेब करू. सुपरचार्जर नसलेल्या साध्या ५.४ लिटर इंजिनात गॅप सुमारे १.३ मिमी असतो. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, त्यात ८ मिळवले तर १.५४ पट होतो. लायटनिंगचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) ८.४, साध्या इंजिनाचा ९. म्हणून मिश्रणाची दाटी १.४४ पटीपर्यंतच जाते. १.३ ला १.४४ ने भागा: ०.९ मिमी! गॅरेजमध्ये अनुभवाने ठरलेला आकडा आणि पाशेनचा नियम एका जागी येऊन भेटतात. दाबली गेलेली हवा तापते, त्यामुळे खरी दाटी थोडी कमी भरते, हे खरं. पण दिशा चुकत नाही. सुपरचार्जरला लहान पुली (पट्ट्याचं चाक) बसवून बूस्ट, म्हणजे वाढीव दाब, १२ पीएसआयवर नेला, तर याच हिशेबाने गॅप ३० थाऊच्या आसपास येतो.

मग सरळ २० थाऊ का नको? कारण इवल्याशा फटीत जन्मलेली ज्योत दोन्ही बाजूंच्या धातूला उष्णता देऊन बसते आणि वाढायच्या आधीच विझते. आयडल बिघडतो. म्हणून ठेच लागत नाही तोवर गॅप मोठाच बरा, असं माझं मत.

आता उष्णता. थंड प्लगची ठिणगी कमजोर नसते. फरक असतो तो आतल्या चिनीमातीच्या नाकाच्या लांबीचा. नाक आखूड, तर टोकाची उष्णता लवकर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, उतरते. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि वीज त्या काजळीवरून पळते. ८०० अंशांच्या बऱ्याच वर गेलं तर लालबुंद टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवतं, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढवली की एक पायरी थंड, असा एनजीके या प्लग कंपनीचा ठोकताळा आहे. त्यांच्याकडे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशकडे नेमकं उलट. कंपनी बदलताना आकडा तसाच मागितलात तर फसाल.

गॅप तारेच्या गेजने मोजावा आणि फक्त बाहेरची पट्टी वाकवावी. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू घेऊन नाही. इरिडियमच्या प्लगमध्ये तर मधली तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नाण्यासारखा गेज रेटला तर तीच तुटते. २०२१च्या रॅम टीआरएक्स या ७०२ हॉर्सपॉवरच्या सुपरचार्ज्ड पिकअपमध्ये आठ सिलिंडरना सोळा प्लग असतात, म्हणजे हे काम सोळा वेळा. एका सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना पुणेकरांना नवी नाही; बजाजच्या पल्सर डीटीएस-आयमध्ये ती २००३पासून आहे.

लायटनिंगवाल्यांची आणखी एक डोकेदुखी आहे. तिच्या सुरुवातीच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये प्लगला धरायला जेमतेम चारेक आटे असतात, आणि प्लग उडून बाहेर आल्याचे प्रकार या इंजिनांत पुष्कळ झालेत. इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा, आधी खड्ड्यातली घाण हवेने उडवा, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच द्या. आट्यांना ग्रीस फासू नका. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो.

नवे प्लग घालून गाडी चांगली दामटवली, की एखादा काढून बघा. चिनीमाती फिकट तपकिरी असली तर पायरी जमली. काळी भुकटी दिसली तर प्लग फार थंड किंवा इंधन जास्त. पण पांढऱ्या मातीवर मिरपुडीसारखे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर गॅपशी खेळत बसू नका. इंजिन नॉक होतंय, म्हणजे मिश्रण स्वतःहून स्फोटासारखं पेटतंय. ठिणगीचं टायमिंग मागे घ्या, नाहीतर जुनी पुली परत बसवा.