‘दुखणं खरं असेल तर ओपिऑइडचं व्यसन लागत नाही’ हे कुठून आलं?

ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनसारखी, अफूच्या गटातली तीव्र वेदनाशामक औषधं. अमेरिकेत वर्षानुवर्षं डॉक्टरांनीही वरचं विधान खरं मानलं. आधार काय, तर १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेलं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र. ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसनाची नीट नोंद फक्त चौघांची, असं त्यात म्हटलं होतं. पण हे सगळे रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण. महिना-महिना घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही! तरी शेकडो लेखांनी ते पुरावा म्हणून वापरलं. अखेर २०१७ मध्ये नियतकालिकानेच त्यावर सावधगिरीची टीप जोडली.

त्याच वर्षीच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आधी ओपिऑइड न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक शस्त्रक्रियेला तीन महिने उलटल्यावरही ती घेत होते. शस्त्रक्रिया लहान असो वा मोठी, प्रमाण जवळपास तेवढंच. हे सगळे व्यसनी नव्हेत, पण धोका खरा आहे.

म्हणून वेदना सोसायची का? मुळीच नाही. अनेक शस्त्रक्रियांनंतर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ठरल्या वेळी घेतलं तरी भागतं. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ओपिऑइड लागलंच तर थोड्याच दिवसांचं मागा. उरलेल्या गोळ्या कपाटात साठवू नका, दुसऱ्या कुणाला तर देऊच नका.