जन्माने ठरणाऱ्या वर्णाची झाडाझडती: ‘वज्रसूची’पासून १९३७पर्यंत

जुलै १९३६मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये वर्णावरची आपली श्रद्धा मांडली. जातीचा धर्माशी संबंध नाही, पण वाडवडिलांच्या व्यवसायावर पोट भरावे हा वर्णाचा नियम खरा. ब्राह्मणाचे आणि भंग्याचे काम ईश्वरापुढे सारख्याच मोलाचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी आपले न झालेले भाषण (‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, म्हणजे जातीचे निर्मूलन) स्वतःच छापले होते, १,५०० प्रती. गांधीजींचा लेख त्या भाषणावर होता आणि बाबासाहेबांनी त्याला १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर दिले.

या वादाचे मूळ फार जुने आहे. वज्रसूचिकोपनिषद थेट विचारते, ब्राह्मण म्हणजे काय? जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म की धार्मिकता? मग एकेक पर्याय निकालात निघतो. जीव म्हणावा तर तोच अनेक देहांतून फिरतो. देह म्हणावा तर सगळ्यांचे देह त्याच पंचमहाभूतांचे. शिवाय बापाच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागेल. जाती म्हणावी तर व्यास कोळिणीच्या पोटचे आणि अगस्त्य कलशातून जन्मलेले. बौद्ध कवी अश्वघोषाच्या नावावरची ‘वज्रसूची’ हा वेगळा ग्रंथ आणखी धारदार आहे. हत्ती, घोडा, गाय यांच्या पावलांचे ठसे वेगळे ओळखू येतात, चार वर्णांचे येतात का? आणि दूध विकणारा ब्राह्मण तीन दिवसांत शूद्र होतो हे मनूचे वचन ती मनूच्याच अनुयायांपुढे ठेवते. जे जन्मजात आहे, ते तीन दिवसांत जाईल कसे? प्रतिपक्षाच्याच प्रमाणाने त्याला तपासायचे, ही या ग्रंथाची खरी देणगी.

सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी ब्राह्मण कोण याचा हाच विचार अभंगांत आणला. ब्राह्मण घरात जन्मून तुकोबांना गुरू करणाऱ्या या बाईसाठी तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होता.

उपनिषद मात्र एका जागी अडते. शेवटी ते आत्मज्ञानी तो ब्राह्मण असे ठरवते. जन्माची अट जाते, पण ‘ब्राह्मण’ हे श्रेष्ठत्वाचे नाव शाबूत राहते, आणि ते नाव घेऊन जन्माची अट पुन्हा आत शिरायला वाट उरते.

बाबासाहेबांनी गांधीजींच्या श्रद्धेला त्यांचेच आयुष्य लावून पाहिले. जन्माने वाणी, पण घराण्याने व्यापार सोडून दिवाणगिरी धरली आणि ते स्वतः बॅरिस्टर झाले. मग वडिलोपार्जित व्यवसायाचा नियम पाळला कोणी? आजा कुंटणखाना चालवत होता म्हणून नातवानेही तोच चालवायचा का, हा प्रश्न तर नियमाच्या मुळावरच येतो. जुनी नावे ठेवून गुणांवर वर्ण ठरवू पाहणाऱ्या आर्यसमाजींना त्यांनी मूळ भाषणातच अडवले होते. विद्वानाला लोक विद्वान म्हणून मान देतील, मग त्याला ब्राह्मण म्हणायचेच कशाला?