खुबा दुखतोय म्हणजे झिजलाच? तसं नाही

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा खुबा दुखू लागला की घरचं निदान तयार असतं: 'हाड झिजलं, फार चालू नकोस.' नेमका उलटा सल्ला! बसल्याने कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) घासत नाही. तिला रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिचं पोषण होतं, तेही हालचालीने. तासन्‌तास बसून आखडतात ते मांडीच्या पुढचे स्नायू. म्हणून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात. पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर खुब्याच्या बाहेरच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) दाबल्या जातात. मग रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खुद्द सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. तिथे दुखत असेल तर डॉक्टर गाठा. एरवी दर अर्ध्या तासाने उठा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवूच नका, म्हणजे पाण्यासाठी तरी उठावं लागेल.