दोन स्ट्रीम, एक आवाज : मल्टिपल डिस्क्रिप्शन कोडिंग बसवण्यापूर्वी

आमचा एन्कोडर (आवाजाचे बिट बनवणारं उपकरण) एकाच आवाजाच्या दोन स्ट्रीम बाहेर काढतो. प्रत्येकीला डिस्क्रिप्शन म्हणतात. एकच पोहोचली तर कामचलाऊ दर्जा मिळतो, दोन्ही पोहोचल्या तर चांगला. लेअर्ड कोडिंगमध्ये, म्हणजे थरांवर थर रचणाऱ्या पद्धतीत, खालचा थर हरवला की वरचा वाया जातो. इथे दोघींत थोरली-धाकटी नाही.

याची किंमत बिटांत मोजावी लागते

व्हेरियन्स (मूल्यांच्या पसरटपणाचं माप) 1 असलेला गाउसियन स्रोत घ्या, म्हणजे घंटेच्या आकारात विखुरलेली मूल्यं; नमुन्यामागे एकूण 2 बिट. सगळे एकाच स्ट्रीममध्ये घातले तर सरासरी वर्ग-चूक 1/16 पर्यंत उतरू शकते. तेच एकेक बिट वाटून प्रत्येक स्ट्रीम एकटीने शक्य तितकी उत्तम (1/4) केली, तर दोन्ही मिळूनही चूक 1/7 खाली जात नाही, कारण दोघी बरंचसं तेच सांगत असतात. जोडीकडून 1/16 च हवी असेल, तर एकेकटीची चूक 0.53 वर जाते. ही मर्यादा माहिती-सिद्धांताचे संशोधक ओझारो यांनी 1980 मध्ये सिद्ध केली. कुठलंही उपकरण ती ओलांडत नाही, आमचंही नाही.

‘कर्ण’ सेटिंग

क्वांटायझर (मोजलेलं मूल्य ठरावीक कप्प्यांत बसवणारा भाग) वापरतो ते कप्पे 8×8 च्या चौकटीत मांडलेले असतात. ओळीचा क्रमांक पहिल्या स्ट्रीममध्ये जातो, स्तंभाचा दुसरीत. दोन्हीकडे 3-3 बिट. फक्त मुख्य कर्ण भरला तर 8 कप्पे, म्हणजे निव्वळ पुनरावृत्ती. शेजारचे दोन कर्णही भरले की 22 कप्पे होतात : जोडी बारीक मोजते, पण एकटी आलेली स्ट्रीम ओळीतल्या तीनपैकी नेमका कप्पा कोणता ते सांगू शकत नाही. सुरुवात 3 कर्णांनी करा. पॅकेट फार गळत असतील तर 1 वर या.

बसवताना

दोन्ही स्ट्रीम एकाच लिंकवरून सोडू नका. प्रत्येक वाटेवर 5% गळती असेल, तर वाटा स्वतंत्र असतील तरच दोन्ही एकाच वेळी हरवण्याचं प्रमाण 0.25% उरतं. राउटर सामाईक असेल तर तो तुंबला की दोघी एकदमच जातात आणि जादा बिट फुकट.

हेडर, म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीची पत्ता वगैरे माहिती, विसरू नका. आयपी, यूडीपी आणि आरटीपी या नेटवर्क प्रोटोकॉलांची हेडरं मिळून 40 बाइट. 20 मिलिसेकंदांच्या पॅकेटांना दुसऱ्या स्ट्रीमपायी सेकंदाला 16 किलोबिट वाढतात. कमी बिटरेटच्या आवाजाला हा बोजा जाणवतो.

उशिरा आलेली जोडीदार हरवली असंच धरा. तिची वाट पाहत बसलात तर संभाषण अडखळतं.

लॉगमध्ये ‘रिकामा कप्पा’ वारंवार दिसला तर टाइमस्टॅम्प (पॅकेटवरची वेळेची नोंद) तपासा. एका फ्रेमची (आवाजाच्या छोट्या तुकड्याची) ओळ आणि दुसऱ्या फ्रेमचा स्तंभ जुळवला जात असतो; 64 पैकी 42 जागा रिकाम्या असल्यामुळे ही गफलत चटकन पकडली जाते. 1 कर्णावर 56 रिकाम्या असतात, तिथे आणखी लवकर. सगळे 64 कप्पे भरले तर मात्र ती कळतच नाही, नुसता खरखराट ऐकू येतो.

फाइल डाउनलोडसाठी हे घेऊ नका. पॅकेट पुन्हा मागवायला वेळ असेल तिथे हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवणारं साधं टीसीपी पुरतं.